एका कपापुरती कॉफी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या स्वयंपाकघरात पहिली घरघर होते. नवऱ्याला लंडनची गाडी गाठायची असते. मिल्टन कीन्स सेंट्रलहून यूस्टनला जलद गाडी साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांत पोचवते, पण ती चुकली की दिवसाची सगळी घडी विस्कटते. दुसरी घरघर पावणेआठला. ती माझी, मी घरूनच काम करते. तिसरी दहाच्या पुढे कधीतरी, लेक उठली की. तीन माणसं, तीन वेळा, तीन कप. गेल्या वर्षी सासूबाई सांगलीहून तीन महिने राहायला आल्या, तेव्हा चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "अगं, तुम्ही सकाळी एकत्र काहीच घेत नाही का?"

यंत्र केवढ्याला पडलं, वीज किती खातं, असलं काही त्यांनी विचारलं नव्हतं. पण इथली मराठी मंडळी जेव्हा मला विचारतात, की पॉडचं, म्हणजे एकेका कपाच्या डबीचं, कॉफी मशीन घ्यावं का, तेव्हा मला सगळ्यात आधी तोच प्रश्न आठवतो. तुमच्या घरात कॉफी कोण, कधी आणि कुणाबरोबर पितं, हे एकदा कळलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

या यंत्राची कथा रोममधल्या एका कॉफीच्या दुकानापासून सांगतात. स्वित्झर्लंडमधल्या व्हेवे इथे नेस्ले कंपनीत एरिक फाव्र नावाचा अभियंता होता. रोमच्या सांत युस्ताकिओ या दुकानासमोर गिऱ्हाइकांची रांग का लागते, हे त्याने निरखून पाहिलं. तिथला माणूस यंत्राचा दांडा एकदाच न ओढता पुन्हापुन्हा ओढायचा. त्यामुळे पाण्याबरोबर हवाही कॉफीत शिरायची आणि फेस दाट यायचा. तेच काम एका बंद डबीत करून घेण्याची कल्पना फाव्रला सुचली. १९७६ मध्ये पेटंट झालं, पण बाजारात यायला १९८६ उजाडलं. सुरुवातीला हे यंत्र कचेऱ्यांसाठी होतं आणि ते चाललं नाही. १९८८ मध्ये ज्याँ-पॉल गायार यांनी सूत्रं घेतली, कचेऱ्या सोडून घरं धरली आणि मग नेस्प्रेसो या नावाने ते गाजलं. अमेरिकेत जॉन सिल्वन आणि पीटर ड्रॅगोन यांचं क्युरिग १९९८ मध्ये आलं. तेही आधी कचेऱ्यांतच. पुढे २०१५ मध्ये खुद्द सिल्वन यांनी एका मुलाखतीत सांगितलं, की आपण हे केलं याचं आपल्याला कधीकधी वाईट वाटतं. ज्याने वस्तू घडवली त्याचंच हे म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. त्याकडे पुढे येतेच.

याच प्रकारचं टॅसिमो २००४ मध्ये आलं आणि डोल्चे गुस्तो २००६ मध्ये. टॅसिमोच्या डब्या आमच्यापासून पाऊण-एक तासावर, ऑक्सफर्डशायरमधल्या बॅनबरीत बनतात. त्या गावातून जाताना वारा बरोबर असला, तर गाडीच्या काचा खाली केल्यावर भाजलेल्या कॉफीचा वास येतो.

डबीत नेमकं असतं काय? एका रविवारी मी ओट्यावर वजनकाटा ठेवला आणि एक नवी डबी चाकूने उघडली. बारीक दळलेली पूड निघाली पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन चमचे म्हणा. रिकामी डबी जेमतेम एक ग्रॅमची. ॲल्युमिनियम एवढं पातळ, की अंगठ्याने दाबलं की चपटं होतं. मग वापरलेली डबी घेतली. एका टोकाला सुईची भोकं, तिथून गरम पाणी आत गेलेलं. दुसऱ्या टोकाचा वर्ख चौकोनी जाळीवर दाबला जाऊन फाटलेला, तिथून कॉफी बाहेर पडलेली. आतला चोथा पेढ्यासारखा घट्ट बसला होता. यंत्राच्या खोक्यावर १९ बारचा पंप असं लिहिलेलं असतं. हवेचा नेहमीचा दाब साधारण एक बार असतो, त्यावरून या आकड्याची कल्पना यावी. प्रत्यक्ष कॉफीवर येणारा दाब त्याहून कमी असतो, पण पंचवीस-तीस सेकंदांत अर्क उतरायला तो पुरतो. काही नव्या यंत्रांत पंपाच्या दाबाऐवजी डबीच गरगर फिरवतात, मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत, आणि डबीच्या काठावरचा बारकोड वाचून पाणी किती घालायचं ते यंत्रच ठरवतं.

ॲल्युमिनियममधून हवा आत जात नाही, उजेडही जात नाही. दळलेल्या कॉफीचे हे दोन मोठे वैरी. पुडीतली कॉफी उघडल्यावर आठवड्याभरात तिचा वास उतरतो. डबीतली मात्र सहा महिन्यांनीही पहिल्या दिवसासारखी लागते. ज्या घरात कॉफी क्वचितच होते, तिथे हा फायदा खरा आहे. शिवाय प्रत्येक कप कालच्यासारखाच लागतो. अर्थात ज्यांना स्वतः दळून, पाण्याची धार सांभाळून कॉफी करण्यात आनंद वाटतो, त्यांना हे सपक वाटणार, आणि त्यात त्यांचं चूक नाही.

आता पैशांचं. मोठ्या कंपनीची डबी साधारण ४५ पेन्सना पडते. पाच ग्रॅमला ४५ पेन्स म्हणजे किलोला ९० पौंड. सुपरमार्केटमधलं दळलेल्या कॉफीचं २२७ ग्रॅमचं पाकीट पाच पौंडांच्या आसपास, म्हणजे किलोला २२ पौंड. हा हिशोब सांगितला की ऐकणारा दचकतो. पण आपण किलो पीत नाही, कप पितो. प्रेसच्या भांड्यात एक मोठा मग चांगला व्हायचा तर पंधरा ग्रॅम पूड लागते, म्हणजे ३३ पेन्स. फरक आहे, पण चौपट नाही. तीन माणसं रोज एकेक डबी वापरतील तर वर्षाला जवळपास ४९३ पौंड. दुसऱ्या कंपनीच्या, त्याच यंत्रात बसणाऱ्या २५ पेन्सच्या डब्या घेतल्या तर २७४. इन्स्टंट कॉफी या सगळ्यांहून स्वस्त, कपाला दहा पेन्सच्या आसपास.

दुसऱ्या कंपनीच्या डब्या मिळतात, यामागे एक खटला आहे. नेस्लेच्या कंपनीने ब्रिटनमधल्या ड्युअलिट कंपनीवर पेटंटभंगाचा दावा लावला होता. २०१३ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने निकाल ड्युअलिटच्या बाजूने दिला. ज्याने यंत्र विकत घेतलं, त्याने त्यात कुणाची डबी घालायची हे त्याचं त्याने ठरवावं, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. म्हणून यंत्र घेण्याआधी माझा पहिला सल्ला असा: आधी दुकानात डब्यांच्या फळीपाशी उभं राहा. ज्या आकाराच्या डब्या पाच-सहा कंपन्या विकतात, त्याच आकाराचं यंत्र घ्या. एकाच कंपनीच्या डब्या चालणारं यंत्र सेलमध्ये स्वस्त दिसतं, पण पुढची सगळी वर्षं भाव तीच कंपनी ठरवते.

दुसरा सल्ला खास मिल्टन कीन्सचा. इथलं पाणी जड आहे. नव्या किटलीच्या तळाला महिन्याभरात पांढरी पुटं धरतात आणि चहावर तवंग येतो. तेच क्षार यंत्राच्या पोटात, पाणी तापवणाऱ्या बारीक नळीत साचतात. आमचं पहिलं यंत्र असंच गेलं. आधी कॉफी कोमट यायला लागली, मग धार बारीक झाली, मग थेंबथेंब, आणि एका दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ते नुसतंच गुरगुरायला लागलं. लाल दिवा तीन महिने लुकलुकत होता, तो क्षार काढायची आठवण करून देत होता, हे आम्हाला उशिरा कळलं. आता दर दोन-अडीच महिन्यांनी कंपनीने सांगितलेलं द्रावण घालते. किटलीला मात्र चिवड्यासाठी आणलेलं लिंबूसत्व पुरतं. चमचाभर घालून पाणी उकळलं, की पापुद्रे सुटून येतात. पाणी गाळणारा जग वापरला तर हा त्रास आणखी लांबतो.

आणि कचरा. सिल्वन यांना वाईट वाटलं ते यामुळेच. जर्मनीत हॅम्बुर्ग शहराने २०१६ मध्ये सरकारी पैशांतून अशा डब्या विकत घेणं बंद केलं. ॲल्युमिनियम पुन्हापुन्हा वितळवता येतं आणि खनिजापासून नवं करण्याच्या तुलनेत त्याला जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते. अडचण धातूची नाही, आकाराची आणि चोथ्याची आहे. एवढीशी ओली डबी कचरा निवडणाऱ्या यंत्राच्या चाळणीतून खाली पडते. मिल्टन कीन्समध्ये २०२३ च्या सप्टेंबरपासून पिशव्या जाऊन चाकांचे डबे आले, लाल झाकणाचा कागदाला, निळ्या झाकणाचा काच-प्लास्टिक-धातूला. डबी धातूची म्हणून निळ्यात टाकावी, असं कुणालाही वाटेल, पण तशी टाकल्याने काम होत नाही. ब्रिटनमध्ये २०२१ पासून पॉडबॅक नावाची वेगळी व्यवस्था आहे, ती कॉफी कंपन्यांनीच उभी केली आहे. ॲल्युमिनियमची पिशवी वेगळी, प्लास्टिकची वेगळी. काही कौन्सिलं ती दारातून उचलतात, एरवी पार्सलच्या दुकानात नेऊन द्यायची. तिथे चोथ्यापासून गॅस होतो आणि धातू भट्टीत जातो. पण ती पिशवी भरून, आठवणीने नेऊन द्यावी लागते. तेवढं होणार नसेल, तर यंत्र घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. चोथा मी कधीकधी स्वतः काढते. खिडकीत जपलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीत तो थोडाथोडा जातो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅनडातल्या क्वेबेक विद्यापीठाच्या शिकूटिमी इथल्या संशोधकांनी २०२३ च्या सुरुवातीला एक तुलना मांडली. कॉफीचं पर्यावरणावरचं मोठं ओझं मळ्यात तयार होतं, खत-पाण्यातून. डबीत कॉफी मोजून भरलेली असते. फिल्टरमध्ये माणूस सढळ हाताने घालतो आणि उरलेली ओतून देतो. म्हणून भरपूर पूड घालून केलेली फिल्टर कॉफी डबीपेक्षाही जड ठरू शकते आणि इन्स्टंट सगळ्यांत हलकी. मला हे पटतं, पण एका अटीवर. यंत्र सोपं आहे म्हणून दोनाचे चार कप झाले, तर वाचवलेलं सगळं त्यातच जातं.

गर्दीला मात्र हे यंत्र पुरत नाही. सासूबाई इथे असताना दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे सोळा माणसं होती. कपामागे एक मिनिट धरलं, तरी सोळावा कप हातात येईपर्यंत पहिल्यावर साय धरते. मध्येच पाण्याची टाकी भरा, वापरलेल्या डब्यांचा खण ओता. सासूबाईंनी मला बाजूला केलं. निळ्या झाकणाच्या बाटलीतलं दूध, म्हणजे सायीचं, त्यांनी मोठ्या पातेल्यात चढवलं. हिरव्या झाकणाच्या पातळ दुधाला त्या हात लावत नाहीत. साखर घातली, दोन चमचे पाण्यात इन्स्टंट कॉफी घोटून ठेवली. दुधाला उकळी आली की आच मंद करून ती ओतली, वरून अर्धं जायफळ किसलं, झाकण ठेवलं. दोन मिनिटं मुरली. सोळा कप एकदम भरले. मराठी घरात कॉफी अशीच आली आहे, दुधातून. मुंबईच्या पेस्तनजी एदलजींचं पोल्सन आज लोण्यासाठी आठवतं, पण त्यांचा धंदा कॉफीपासून सुरू झाला होता. ती चिकोरी घातलेली पूडही घरोघरी पातेल्यातच पडायची. आमच्याकडे परीक्षेच्या रात्री, पाहुणे आले की, कांदापोह्यांच्या कार्यक्रमात, कॉफी म्हटलं की जायफळाचा वास. डबीतल्या कॉफीला तो हवा असेल, तर दूध वेगळं तापवून त्यात साखर-जायफळ घालायचं आणि डबीचा चाळीस मिलीलीटरचा अर्क वरून सोडायचा. चांगली होते. पण पातेलं धुवायचं ते धुवावंच लागतं.

एवढं सगळं मी यंत्राविरुद्ध बोलते आहे असं वाटेल, म्हणून हेही सांगते. सासूबाईंचं मनगट संधिवाताने धरलं आहे. भरलेली किटली त्यांना एका हाताने उचलवत नाही, आणि इथल्या गुळगुळीत काचेच्या शेगडीवर पातेलं कुठल्या वर्तुळावर तापतंय हे चष्मा लावूनही त्यांना नीट दिसायचं नाही. पहिल्या पंधरवड्यात दुपारी त्या माझं काम संपायची वाट पाहत बसायच्या. मग एके दिवशी मी त्यांना दाखवलं: झाकण वर, डबी आत, झाकण खाली, डावीकडचं बटण. उकळतं पाणी हाताळायचं नाही, काही उतू जायचं नाही, आणि काही मिनिटांत यंत्र आपोआप बंद. ज्यांच्या घरात वयस्कर माणूस दिवसा एकटं असतं, हात थरथरतात, नजर अधू आहे, त्यांनी किमतीचा आणि किलोचा हिशोब बाजूला ठेवून हे यंत्र जरूर घ्यावं.

दोन-तीन दिवसांतच त्यांचा हात बसला. मी वरच्या खोलीत कामात असायचे. तीन वाजता खालून एक घरघर यायची, मिनिटभराने दुसरी, आणि मग जिन्याच्या पायथ्यापासून हाक, "झाली गं कॉफी, ये खाली."