बेरीज कोण करणार?

ऑगस्ट २०१६ मध्ये चंद्रपूरच्या दोन शाळकरी मुलांनी पत्रकार परिषद घेतली. सातवीतल्या, जेमतेम बारा वर्षांच्या या मुलांचे म्हणणे साधे होते. आठ विषयांची किमान सोळा पुस्तके आणि वह्या रोज न्याव्या लागतात, दप्तर पेलवत नाही आणि शाळेत सांगून काही फरक पडत नाही. त्याच्या वर्षभर आधी, जुलै २०१५ मध्ये, दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असा आदेश महाराष्ट्र शासनाने काढला होता. आदेश फायलीत होता आणि दप्तर पाठीवर.

देशभर या प्रसंगाची बातमी झाली ती कौतुकाच्या सुरात. आयुष्य प्रशासनात घालवलेल्या माझ्यासारख्याला मात्र त्यात एक जुनी सरकारी सवय दिसली. जे मोजता येते त्याचा नियम आपण चटकन करतो. दप्तर काट्यावर ठेवता येते आणि तपासणीच्या तक्त्यात त्याचा रकाना भरता येतो. मुलाच्या मनावरचा ताण कोणत्या रकान्यात लिहावा हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून तो तक्त्यात येत नाही आणि जे तक्त्यात नाही त्याचा जाब कोणी कोणाला विचारत नाही.

वास्तविक या प्रश्नाचे निदान तीस वर्षांपूर्वीच झाले आहे. आर. के. नारायण राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य असताना त्यांनी सभागृहात दप्तराखाली वाकलेल्या मुलांविषयी भाषण केले. पुढे १९९२ मध्ये केंद्र सरकारने शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुलै १९९३ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाचे शीर्षकच ‘ओझ्याविना शिक्षण’ या अर्थाचे होते. आपल्या समित्यांच्या मानाने अहवाल अगदी छोटा, पण त्यातला निष्कर्ष मूलगामी होता. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजल्याचे ओझे अधिक जाचक असते, असे समितीने सांगितले. जे कळलेच नाही ते लक्षात ठेवायचे, वहीत उतरवायचे आणि परीक्षेत परत करायचे, हा खरा भार.

निदान मान्य झाले, उपचार मात्र दुसऱ्याच अवयवावर होत राहिला. आपली सारी चर्चा परीक्षेभोवती फिरली. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याचे नवल वाटत नाही. कर्झनच्या काळातील १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने, अध्यापन परीक्षेच्या दावणीला बांधले गेले आहे, हाच मुख्य दोष सांगितला होता. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगानेही परीक्षासुधारणेला अग्रक्रम दिला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले, २०१९ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा मिळाली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची दहावीची परीक्षा काही वर्षे ऐच्छिक झाली आणि २०१८ मध्ये पुन्हा अनिवार्य झाली. लंबक इकडून तिकडे गेला. वर्षात एकदा येणाऱ्या परीक्षेवर आपण एवढे भांडलो, पण मुलाच्या रोजच्या दिवसाकडे कोणी पाहिले नाही.

तो दिवस आकड्यांत मांडून पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंत वर्षाला किमान ८०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान १००० तास अध्यापन व्हावे, असे म्हटले आहे. किमान किती, हे कायदा सांगतो. कमाल किती, याविषयी तो मौन बाळगतो. २०२० च्या केंद्राच्या दप्तरविषयक धोरणाने गृहपाठाची मर्यादा सुचवली. त्यानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्यात दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला एक तास आणि नववी ते बारावीला दिवसाला दोन तास. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नको आणि दिवसात पाच तासांहून अधिक वर्ग नकोत, असे ती सांगतात.

प्रत्येक मर्यादा आपापल्या जागी वाजवी आहे. पण अकरावीतला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. महाविद्यालयाचे सहा तास, शिकवणीचे पाच, गृहपाठाचे दोन. एकही नियम न मोडता त्याचा दिवस तेरा तासांचा होतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. त्याहीआधी, १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने सात ते बारा वर्षांच्या बालकामगारांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवण्यास मनाई केली. तो कायदा तोकडा होता, पण त्याने एक तत्त्व मान्य केले : मुलाच्या दिवसाला कोठेतरी शेवट हवा. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीर्घ खटपटीनंतर, १८९० मध्ये. आज त्याच रविवारी सकाळी अनेक शहरांतली मुले सराव परीक्षेच्या रांगेत असतात.

शाळेच्या आत पाहिले तरी हेच चित्र दिसते. सहा विषयांच्या सहा शिक्षकांनी प्रत्येकी अर्ध्या तासाचा गृहपाठ दिला, तर त्यांच्यापैकी कोणीही निर्दय ठरत नाही. प्रत्येकाचा हिस्सा थोडाच असतो. त्या सहा हिश्श्यांची बेरीज होते ती रात्री दहा वाजता, मुलाच्या टेबलावर. शाळेत ती करण्याची जबाबदारी कोणावरच नाही. प्रशासनात आम्ही एक गोष्ट फार लवकर शिकतो : जे काम सर्वांचे असते ते कोणाचेच नसते.

याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाला. शाळेत न समजलेले समजावून देण्याचे काम गृहपाठ घराकडे ढकलतो. सुशिक्षित आई-वडील ते करतात, सधन पालक शिकवणीची फी भरतात. शेतमजुराच्या मुलीकडे फक्त कोरी वही उरते. ‘असर’च्या पाहण्या २००५ पासून सांगत आल्या आहेत की, ग्रामीण भारतात पाचवीतल्या मुलांपैकी मोठ्या हिश्श्याला दुसरीच्या पातळीचा मजकूरही नीट वाचता येत नाही. अशा मुलाला दोन पाने ‘उतरवून आण’ म्हणणे, हा अभ्यास नव्हे.

अलीकडे मानसिक आरोग्याकडे लक्ष गेले आहे आणि ते स्वागतार्ह आहे. २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ उपक्रम सुरू झाला, २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मदतवाहिनी आली, जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मानसिक आरोग्याविषयी निर्देश दिले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. प्रत्येक मृत्यूमागे अभ्यासच होता असे म्हणणे चूक ठरेल, पण हा आकडा वाचून स्वस्थ बसणे त्याहून मोठी चूक आहे. समुपदेशक प्रत्येक शाळेत हवाच. मात्र तेरा तासांचा दिवस तसाच ठेवून मुलाला दीर्घ श्वास घ्यायला शिकवणे म्हणजे ताण हा त्याचा वैयक्तिक दुबळेपणा ठरवणे होय.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, बेरजेला मालक द्यावा. वर्गशिक्षकाने वर्गात एक तक्ता लावावा. प्रत्येक विषयशिक्षकाने त्यावर गृहपाठ आणि त्याला लागणारी अंदाजे मिनिटे लिहावीत. मर्यादा भरली की पुढच्या शिक्षकाने उद्यापर्यंत थांबावे. दुसरी गोष्ट, गृहपाठाच्या वहीत ‘समजले नाही’ असे लिहिण्याची मुलाला मुभा असावी आणि त्याची शिक्षा न होता दुसऱ्या दिवशीच्या तासाची सुरुवात तिथून व्हावी. यशपाल समितीने सांगितलेले ओझे मोजण्याचा याहून सोपा काटा मला ठाऊक नाही. तिसरी गोष्ट राज्यांच्या हातात आहे. शिकवणीविषयीच्या केंद्रीय तत्त्वांत साप्ताहिक सुट्टी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी न घेणे यांचा समावेश आहे. राज्यांनी त्यांना कायद्याचे बळ द्यावे.

‘पालकांनाच गृहपाठ हवा असतो’ हा आक्षेप खरा आहे. स्पर्धा तीव्र आणि चांगल्या जागा मोजक्या असताना शेजारचा मुलगा जागा आहे म्हणून आपलाही जागा ठेवला जातो. पण म्हणूनच मर्यादा सर्वांसाठी एकदम हवी. एकट्या घराने शस्त्र खाली ठेवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तोवर घरात एवढे तरी करता येईल : झोपेची वेळ आधी ठरवावी आणि अभ्यास उरलेल्या वेळात बसवावा. अपुरा राहिलेला गृहपाठ पालकांच्या चिठ्ठीसह शाळेत परत पाठवावा. मूल गप्प होऊ लागले, जेवण-झोप बिघडली, तर गुणांची चौकशी थांबवून आधी त्याची करावी आणि मदत मागण्यात संकोच करू नये.

या सूचनांना ना नवी इमारत लागते, ना नवे पद. तपासणीच्या तक्त्यात दप्तराच्या किलोंच्या शेजारी आणखी दोन रकाने आखावे लागतील. काल या वर्गाला घरी एकूण किती मिनिटे काम दिले? आणि किती मुलांनी ‘समजले नाही’ असे लिहिले? दुसऱ्या रकान्यात वर्षभर शून्यच दिसले, तर तपासनिसाने समाधान मानू नये; त्या वर्गात मुलांना खरे बोलण्याची भीती वाटते आहे, असे समजून शाळेत पुन्हा जावे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)