मर रोगाचे खरे नाव

काल हिरवेगार असलेले टोमॅटोचे झाड आज भर दुपारी माना टाकते, रात्री थोडे सावरते आणि चार-सहा दिवसांत उभ्याउभ्या सुकून जाते. शेतकरी म्हणतो, ‘मर लागली.’ परंतु ताप हे जसे रोगाचे नाव नव्हे, तसेच मर हेही नव्हे. ते केवळ लक्षण आहे. त्यामागे फ्युजेरियम ही बुरशी असू शकेल किंवा राल्स्टोनिया हा जिवाणू.

या दोहोंत गल्लत झाली तर काय बिघडते? टोमॅटोवरील फ्युजेरियम मुख्यतः टोमॅटोलाच ग्रासते. राल्स्टोनियाचे तसे नाही. त्याच्या विविध जाती मिळून दोनशेहून अधिक वनस्पतींवर रोग पाडतात, त्यांत वांगी, मिरची, बटाटा हे सारे आले. म्हणजे जिवाणूला बुरशी समजून बुरशीनाशकाची फवारणी केली तर पैसा वाया जातो, आणि त्याच रानात पुढे वांगी लावली तर दुसरे पीकही हातचे जाते.

डोळ्यांना काही खुणा दिसतात. बुरशीच्या मरीत खालची पाने आधी पिवळी पडतात, जिवाणूच्या मरीत पाने हिरवी असतानाच लोंबतात. खोडाचा तुकडा कापून पेल्यातील स्वच्छ पाण्यात टांगून धरला आणि काही मिनिटांत दुधासारखे धागे खाली उतरू लागले, तर जिवाणूचा संशय बळावतो. परंतु रोगाची सुरुवात असेल किंवा रोपे वरून निरोगी दिसत असतील, तर पेला काहीच सांगत नाही.

अमेरिकेतील अर्विन स्मिथ यांनी १८९६ साली या जिवाणूचे वर्णन केले. जिवाणूंमुळे वनस्पतींना रोग होतात हेच त्या काळी जर्मनीतील आल्फ्रेड फिशर यांना मान्य नव्हते! रोगट झाडातून जिवाणू वेगळा काढायचा, तो निरोगी झाडात टोचायचा आणि रोग उद्भवल्यावर पुन्हा वेगळा काढायचा, हीच तेव्हा पुराव्याची रीत होती. ती खात्रीची खरी, पण तिला आठवडे लागतात.

जनुकीय चाचणी हेच काम काही तासांत करते. डी.एन.ए. म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. त्यातील काही ओळी एकाच जीवाच्या असतात. खोडाच्या रसातून डी.एन.ए. काढून त्यात त्या विशिष्ट ओळींना चिकटणारे दोन आखूड तुकडे, म्हणजे प्रायमर, सुटी अक्षरे आणि उष्णता सोसणारे एक विकर घालतात. सुमारे ९५ अंश सेल्सिअसला डी.एन.ए.चे दोन पेड सुटतात, तापमान उतरवले की प्रायमर चिकटतात आणि ७२ अंशांना विकर नवी प्रत विणते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्यांनंतर एका प्रतीच्या, निदान हिशेबाने, १०७ कोटी प्रती होतात. या पी.सी.आर. पद्धतीची कल्पना कॅरी मलिस यांना १९८३ साली सुचली आणि १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. राल्स्टोनियासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका प्रायमर-जोडीने सुमारे २८० अक्षरांचा तुकडा मिळतो. जेलवर त्या जागी पट्टा उमटला की ओळख पटली.

मात्र यंत्राचा शब्द हा वेदवाक्य मानू नये. मेलेल्या जिवाणूचा डी.एन.ए.ही पट्टा देतो. उलट, वनस्पतीच्या रसातील काही द्रव्ये विकराचे काम रोखतात आणि रोग असूनही पट्टा दिसत नाही. म्हणून ज्ञात जिवाणूची एक नळी आणि नुसत्या पाण्याची एक नळी सोबत ठेवावीच लागते.

एवढे करून औषध मिळते का? नाही. खोडाच्या जलवाहिन्यांत शिरलेल्या या जिवाणूवर खात्रीचा फवारा नाही. पण नाव कळले की वाट कळते: रोगट झाडे मुळासकट काढावीत, त्या वाफ्याचे पाणी दुसरीकडे जाऊ देऊ नये, पुढे भातासारखे पीक घ्यावे, रोगप्रतिकारक वाण किंवा रानवांग्याच्या खुंटावरील कलमे लावावीत. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय उद्यान संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा टोमॅटो असाच या मरीला दाद न देणारा आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेती आहे. मला वाटते, पेल्याची चाचणी प्रत्येक विज्ञान-विद्यार्थ्याने गावी करून पाहावी आणि संशयित नमुना तेवढा प्रयोगशाळेत न्यावा. निदान आधी, फवारणी मागून, एवढी शिस्त बांधावर पोहोचली तरी पुष्कळ झाले.