षष्ठीची ओहोटी

वाशिष्ठीवर मगरींची मोजदाद करावयाची असेल तर दुर्बिणीच्या आधी पंचांग हाती घ्यावे लागते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उगम पावून चिपळुणावरून दाभोळला अरबी समुद्रास मिळणारी ही नदी पुरती शंभर किलोमीटरही लांब नाही. आणि त्यातही गोवळकोटाच्या खाली तिचे नदीपण नावापुरतेच उरते, कारण तेथून पुढे दिवसातून दोनदा समुद्र तिच्या पात्रात चढतो आणि दोनदा उतरतो. ज्या चिखलावर मगर ऊन खात पडते तो चिखल भरतीच्या वेळी दिसतच नाही. तेव्हा थंडीतले ऊन आणि उघडा चिखल या दोन गोष्टी एकाच प्रहरी कधी जुळून येतील, हे ठरविणे हाच या कामातील पहिला आणि, माझ्या मते, सर्वांत अवघड भाग होय. होडीत बसून डोकी मोजणे त्यामानाने सोपे.

किनाऱ्यावरचा कोणताही जाणता दर्यावर्दी हा हिशेब बोटांवर करतो. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पुरी होते, आणि तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला व अमावास्येला भरती सव्वाअकराची, म्हणजे ओहोटी भल्या पहाटे नाही तर दिवेलागणीच्या सुमारास. उधाणामुळे त्या दिवशी पाणी सर्वांत खाली जाते व चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात खरी, पण त्यांवर ऊन नसते, आणि ऊन नसले की मगरही नसते. अष्टमीला ओहोटी ऐन मध्यान्ही येते, ऊन हवे तसे पडते; परंतु ते दिवस भांगाचे, पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, काठाला चिखलाची एक अरुंद पट्टी तेवढी दिसते. या दोहोंच्या मधोमध षष्ठी बसते. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणून ओहोटी पावणेअकराच्या आसपास. खाडीत जितके आत जावे तितका हा हिशेब उशिराने लागू पडतो म्हणून आमच्या नावाड्याने त्यात आणखी तासभर मिळविला, आणि पौष वद्य षष्ठीला, धुके पुरते विरण्याच्या आत, आमची होडी उतरत्या पाण्यावर मालदोलीच्या दिशेने सुटली.

मात्र या नदीवर एकट्या चंद्राचाच अंमल चालतो असे नाही, आणि येथेच वाशिष्ठी कोकणातील आपल्या इतर भगिनींहून वेगळी पडते. महाबळेश्वरी उगम पावून दक्षिणेस वाहणारी व हेळवाकापाशी पूर्वेस वळून कऱ्हाडला कृष्णेत मिसळणारी जी कोयना, तिच्या जलाशयातील पाण्याचा एक हिस्सा सह्याद्रीच्या पोटातून खोदलेल्या बोगद्यांनी पश्चिमेस वळविलेला आहे. साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून ते पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोसळते, तेथून कोळकेवाडीच्या धरणात साठते, तेथे पुन्हा एकदा वीज देते, आणि मग कालव्याने वाशिष्ठीत येऊन पडते. 1962 साली पोफळीचा पहिला संच सुरू झाल्यापासून हे वळविणे चालू आहे. कृष्णेच्या पाणीतंट्यात लवादाने त्याला वर्षाकाठी 67.5 टीएमसीची मर्यादा घालून दिली. निसर्गक्रमाने ज्या पाण्याने आंध्रात हंसलादेवीपाशी बंगालच्या उपसागरास मिळावयाचे, ते अशा रीतीने दाभोळला अरबी समुद्रात जाते. त्याचा परिणाम असा की, पावसाळ्यात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेऊनही कोकणातील बहुतेक नद्या भरतीच्या हद्दीच्या वर फाल्गुनात दगडगोट्यांच्या वाटा होऊन राहतात आणि त्यांतील जलचरांना डोहाडोहांत दिवस काढावे लागतात, तेव्हा वाशिष्ठी भर वैशाखातही वाहती असते. ते वाहणेही सरसहा सारखे नसते. विजेची मागणी चढली की वरून पाणी चढते, मागणी उतरली की उतरते. दूरच्या शहरांत दिवे केव्हा लागतात आणि यंत्रे केव्हा थांबतात यावर कोकणातल्या एका नदीचा श्वासोच्छ्वास अवलंबून असावा, ही गोष्ट मला तरी बोगद्याच्या लांबीपेक्षा अधिक विस्मयकारक वाटते. मगर ही मुळात गोड्या पाण्यातील. तिच्या जिभेवर क्षार बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असल्या तरी खारेपणा ती आनंदाने पत्करते असे नव्हे. बारमाही गोड्या पाण्याचा हा पुरवठा तिला मानवला असावा, असा माझा तर्क आहे.

होडीत आम्ही पाचजण होतो. डाव्या काठावर एकाने डोळा ठेवावयाचा, उजव्या काठावर दुसऱ्याने. मधे तक्ता घेऊन मी, नाळेवर वनरक्षक आणि पिछाडीला नावाडी. इंजिन बंद. पाण्याच्या ओढीने होडी जाईल तेवढीच जाऊ द्यावयाची, भरकटली तर वाशाने ढकलून मार्गावर आणावयाची. नियम थोडेच, पण कडक: मोजणी एकाच दिशेने, खालच्या अंगाला, गेलेल्या टप्प्यावर मागे वळून पाहिलेले हिशेबात धरायचे नाही, एकाच वेळी दोघांनी पाहिलेली मगर एकदाच मांडायची, आणि अंगाचा भाग न दिसता नुसते डोळे वर दिसले तर तिची नोंद 'केवळ डोळे' या स्वतंत्र रकान्यात, लांबीचा अंदाज न बांधता. लांबीची रीत मात्र सुंदर आहे. मगरीच्या डोक्याची लांबी, नाकाच्या टोकापासून कवटीच्या मागल्या काठापर्यंत, नीट हेरता आली तर तिची सातपट म्हणजे स्थूलमानाने संपूर्ण प्राणी. शेपूट पाण्यात असो, धड तिवरांच्या मुळांआड असो, डोके दिसले की काम भागते.

पहिला अर्धा तास रिकामा गेला असे तक्ता म्हणतो. तक्त्याला मगरींखेरीज काही दिसत नाही. प्रत्यक्षात पाणी बोटबोट उतरत होते आणि उतरता उतरता नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा चिखल मागे ठेवीत होते, आणि तो उघडा पडल्याबरोबर त्यावर वस्ती होत होती. निवट्या आधी आल्या, पंखांच्या आधाराने उड्या घेत. त्यांच्या मागोमाग बिळांच्या तोंडाशी खेकडे. मग ढोकऱ्या, ज्या बसल्या जागी मातीत मिसळून जातात आणि उडाल्या की पांढऱ्याशुभ्र होतात. तिवर आणि चिपी यांच्या श्वसनमुळांची टोके चिखलातून वर आलेली, तर कांदळाच्या कमानी अजून निम्म्या पाण्यात. एका उंच झाडाच्या शेंड्यावर समुद्रगरुडाची जोडी होती. या भागात त्याला काकण म्हणतात, आणि त्याच्या घरट्यांची नोंद ठेवण्याचे काम चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने पुष्कळ केलेले आहे.

"सायेब, त्यो ओंडका न्हाय," नावाडी हळूच म्हणाला.

आम्ही तिघे ज्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेलो होतो तो ओंडकाच होता, असे मी शपथेवर सांगितले असते. पुराबरोबर वाहून आलेली, साल गळालेली खोडे या काठांवर जागोजाग रुतलेली असतात, आणि नवख्याचा निम्मा वेळ त्यांच्यावर दुर्बीण रोखण्यात जातो. भेद कशावरून करावा, असे विचारता नावाड्याने जे सांगितले ते कोणत्याही पुस्तकात मी वाचलेले नाही: ओंडक्यावर बगळा बसतो, मगरीपाशी बसतो. शिवाय ओहोटीत ओंडक्याचा वरचा भाग आधी वाळतो व खालचा ओला राहतो, तर नुकतीच पाण्याबाहेर आलेली मगर सबंध ओली, काळपट, आणि अर्ध्या तासाने सबंध वाळून मातकट करडी. ही वाळत आलेली होती. अंतर कमी झाले तसे पाठीवरचे खवल्यांचे उंचवटे निरनिराळे दिसू लागले. शेपटीकडे दुहेरी असलेली दात्यांची रांग पुढे जाऊन एकेरी होते तेही दिसले. जबडा उघडा होता. तो कोणाला धाक घालण्यासाठी नव्हे. अंग तापल्यावर डोक्याची उष्णता तोंडावाटे निघून जावी म्हणून मगर असा आ वासून पडते, आणि त्या वेळी तिच्या घशाशी असलेला पडदा मिटलेला असतो, ज्याच्यामुळे पाण्याखाली तोंड उघडूनही तिच्या घशात पाणी जात नाही. उजव्या काठाच्या निरीक्षकाने डोक्याचा अंदाज केला, सातने गुणिले, आणि मला आकडा सांगितला: "अडीच मीटर." नावाड्याने मान हलविली. त्याच्या मते ती नऊ फूट भरेल. दोन्ही आकड्यांत फरक वीतभराहून फारसा अधिक नव्हता, पण त्यावर थोडा वाद झालाच.

त्या वादाचा आवाज तिला पसंत पडला नसावा. मगर पळते ही कल्पना चूक, ती ओघळते. पोट चिखलावर टेकलेले, पाय केवळ रेटा देण्यापुरते, आणि डोके पाण्याला लागल्यावर शेपटीचा एकच झोल. पाण्यावर वलयही धड उमटले नाही. होडी काठाला लावून आम्ही ती जागा पाहिली. मधोमध पोटाची गुळगुळीत घळ, तीत शेपटीने ओढलेली वळणावळणाची रेघ, आणि दोहों बाजूंना पावले: पुढच्या पायाची पाच बोटे, मागच्याची चार, नख्या मात्र प्रत्येक पायाच्या आतल्या तीनच बोटांना. वनरक्षकाने तेथे कोणालाही खाली उतरू दिले नाही, आणि ते योग्यच होते. जी मगर दिसत नाही ती कोठे आहे याचा तक्त्यात रकाना नाही.

पुढे दोन जुव्यांच्या, म्हणजे खाडीतल्या बेटांच्या, मधल्या आडोशाला एकदम बरीच नोंद झाली, आणि लहानमोठ्या मगरी एकाच पट्ट्यात परस्परांपासून बेताच्या अंतरावर पडलेल्या पाहून मला आश्चर्य वाटले. थंडीत ऊन मिळण्याची जागा मर्यादित असते, तेव्हा एरवीची हद्दीची भांडणे त्या काही काळ बाजूला ठेवतात. फेब्रुवारीनंतर हे सामोपचाराचे दिवस सरतात; माद्या भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या मातीत खड्डा करून अंडी घालतात, सामान्यतः पंचवीस-तीस, आणि दोन महिन्यांच्या सुमारास, पाऊस सुरू होण्याच्या आगेमागे, पिल्ले बाहेर येतात. त्यांतील नर किती आणि माद्या किती हे खड्ड्यातील मातीच्या उष्णतेवर ठरते. अंड्यांतली पिल्ले ओरडू लागली की आई माती उकरते. हे मी पाहिलेले नाही. नावाड्याने एकदा पाहिले होते आणि त्या वर्षी त्याने त्या बांधावर गुरे जाऊ दिली नव्हती, एवढे त्याने सांगितले.

या सांगण्याला तक्त्यात जागा नव्हती, आणि या पद्धतीवरचा माझा मुख्य आक्षेप तोच आहे. आणखी खाली, जेथे पात्र रुंद होऊन पाणी पुरते खारे होते, तेथे वाळूच्या पट्टीवर काही बाया कमरभर पाण्यात उभ्या राहून पायांनी चाचपून तिसऱ्या काढीत होत्या. कोणती मगर कोणत्या जुव्याची, कोणती गेल्या पावसाळ्यानंतर दिसेनाशी झाली, आणि कोणती जवळ आली तर काठावर यावे, हे त्यांतील एकीने, हात न थांबविता, आम्हाला ऐकविले. एखादे दिवशी येऊन डोकी मोजणाराला जे कळते त्याहून रोज त्याच पाण्यात उतरणाराला अधिक कळणारच. 1972 च्या वन्यजीव कायद्याने मगरीला पहिल्या अनुसूचीत घालून तिची शिकार बंद केली हे खरे. पण या काठावर ती टिकली आहे ती माणसांच्या या नित्याच्या माहितीमुळेही, असे मला वाटते. नदी गढूळ होऊन फुगते आणि चिपळुणात एखादी मगर रस्त्यावर दिसल्याची बातमी येते, तेव्हा घाबरणारे बहुधा बाजारपेठेतले लोक असतात, खाडीतले नव्हेत.

साडेअकराच्या सुमारास पाणी थबकले, आणि थोड्या वेळाने काठाशी तरंगणारी पाने उलट दिशेने निघाली. मोजणी संपली. एकूण बेरीज मी येथे देत नाही, कारण ती मगरींची संख्या नव्हे, दिसलेल्या मगरींची आहे. तिचा उपयोग पुढच्या वर्षीच्या बेरजेशी ताडून पाहण्यापुरता. आणि यावरूनच परतताना बोलणे निघाले. वनरक्षकाचे म्हणणे असे की, पुढील वर्षीपासून मोजणीचा दिवस कायमचा ठरवावा, प्रजासत्ताकदिनाची सुटी असते, सर्वांना सोयीचे. नावाड्याला हे मुळीच मान्य नव्हते. 26 जानेवारी एका साली अष्टमीला येईल, दुसऱ्या साली पौर्णिमेला. त्या दिवशी मगरी कमी दिसल्या तर कमी झाल्या म्हणून दप्तरी नोंद व्हायची, आणि कमी झालेला असायचा तो केवळ चिखल. वनरक्षक काही बोलला नाही. धक्क्यावर उतरल्यावर त्याने माझ्याकडून तक्ता मागून घेतला, 'दिनांक' या शब्दापुढे शाईने 'व तिथी' असे लिहिले, आणि नावाडी दोर बांधता बांधता म्हणाला तेही, थोडा विचार करून, शेऱ्याच्या रकान्यात घातले: कोळकेवाडीचे पाणी आदल्या रात्री किती सुटले, तेही विचारून घ्यावे.