टूकनचा भाऊबंद आपल्या पिंपळावर

दोस्तांनो, तुम्ही देऊळघाटला किंवा बुलढाण्याच्या आसपास राहत असाल, तर मार्च-एप्रिलच्या दुपारी हा आवाज नक्की ऐकला असणार. टुक्... टुक्... टुक्... तुमचा परीक्षेचा अभ्यास चाललाय आणि बाहेर कुणीतरी भांडं ठोकत बसलंय! मिनिटाला शंभराहून जास्त ठोके. शोधायला जावं, तर दिसत कुणीच नाही.

हा तांबट पक्षी. तांब्याची भांडी ठोकून घडवणाऱ्या कारागिरावरूनच याला हे नाव पडलं. चिमणीहून थोडा मोठा, अंगाने हिरवा, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा. ओरडताना चोच मिटलेलीच असते, फक्त गळा फुगतो. शिवाय लेकाचा मान इकडून तिकडे फिरवतो, म्हणून आवाज नेमका कुठून येतोय तेच कळत नाही.

आता जरा लांब जाऊ. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगरांवर ढगांत भिजलेली जंगलं आहेत. तिथे पाचूसारखा हिरवा, जेमतेम फूटभर लांबीचा एक छोटा टूकन राहतो. त्याला टूकनेट म्हणतात. चोच मोठी, पण आतून पोकळ जाळीची, म्हणून अगदी हलकी. खाणं मुख्यतः फळं. घर मात्र बरेचदा सुतार पक्ष्याने सोडलेल्या ढोलीत.

मोठी चोच म्हटली, की आपल्याला धनेश आठवतो. धनेश म्हणजे भारतातला टूकन, असं पुष्कळ जण सांगतात. पण ते खरं नाही! दोघांच्या चोची मोठ्या, एवढंच. नात्याने धनेश हुप्प्याच्या जवळचा. टूकनचा खरा भाऊबंद आहे आपला तांबट, आणि सह्याद्रीत 'कुटुर्र कुटुर्र' करणारा कुटुरगासुद्धा. चेहऱ्यावरून नातं ठरवलं की अशी फसगत होते. पाय बघा ना : टूकन असो की तांबट, दोन बोटं पुढे, दोन मागे.

तांबट जुन्या ढोलीची वाट बघत नाही. स्वतःच चोचीने टोचून घर कोरतो, तेही वाळक्या किंवा पोखरलेल्या फांदीत. भोक बहुधा फांदीच्या खालच्या अंगाला असतं, म्हणजे पाणी आत येत नाही. आत साधारण तीन पांढरी अंडी. ती उबवायचं काम नर-मादी दोघंही करतात.

गंमत म्हणजे आपण हीच फांदी आधी तोडतो. "वाळकीच तर आहे, सरपणाला होईल." आणि रस्ता रुंद करताना कडेचे वड-पिंपळ गेले, की राहायची जागाही गेली आणि खायची उंबरंही. वड, पिंपळ, उंबर हेच तर त्याचं मुख्य जेवण. भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप उगवलेलं दिसतं ना? ते बी तिथे नेऊन टाकणाऱ्यांत तांबटही असतो. (बाबा भिंतीवर वैतागतात, तो भाग वेगळा!)

२०११ साली मुंबईने तांबटाला आपला शहरपक्षी ठरवलं. आपल्याकडे तो न ठरवताच आहे. थंडीत तो फारसा बोलत नाही, पण सकाळी उघड्या शेंड्यावर ऊन खात बसतो. तेव्हा शोधा. उन्हाळ्यात मात्र आवाजामागे धावू नका. वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक आहे का पाहा, आणि खाली जमिनीवर लाकडाचा ताजा भुसा पडलाय का, तेही.