प्राण्यांची कार्डे आणि डेटाबेस : काही गैरसमज व वस्तुस्थिती

प्राथमिक शाळेतील मुलांना डेटाबेस शिकवावा असे सुचवले, की बीड जिल्ह्यातील वाडी-वस्तीवरच्या शाळांपुरता एक आक्षेप हमखास घेतला जातो : तेथे संगणक पुरेसे नाहीत, वीज भरवशाची नाही, तेव्हा हा विषय शहरातल्या मुलांसाठी ठेवावा. डेटाबेस म्हणजेच संगणक, अशी समजूत या आक्षेपाच्या मुळाशी असते. वास्तविक डेटाबेस म्हणजे प्रश्न विचारला असता उत्तर शोधता यावे अशा रीतीने मांडलेला माहितीचा संग्रह होय. त्यातील एकेका वस्तूविषयीची माहिती म्हणजे एक नोंद, आणि प्रत्येक नोंदीत न चुकता भरायचा ठरावीक तपशील म्हणजे एक रकाना. भारतात पशुगणना 1919 पासून होत आली आहे. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत प्रगणकांच्या हाती टॅबलेट आले खरे, परंतु नोंद आणि रकाना यांची शिस्त त्याच्या कितीतरी आधीपासून कागदावर पाळली जात होती.

ही शिस्त तिसरी-चौथीच्या वर्गात शिकवण्यासाठी पोस्टकार्डाएवढी जाड कार्डे, पंच मशीन, कात्री आणि विणकामाची एक सुई एवढे साहित्य पुरते. प्रत्येक कार्डावर एका प्राण्याचे नाव व चित्र असते : गाय, शेळी, काळवीट, मोर, घार, पाल, कासव, वटवाघूळ. सर्व कार्डांच्या वरच्या कडेला सारख्याच अंतरावर छिद्रे पाडतात आणि प्रत्येक छिद्राला एक अर्थ देतात. पहिले ‘चार पाय’, दुसरे ‘अंडी घालतो’, तिसरे ‘उडतो’. जो गुण त्या प्राण्यात असेल त्याचे छिद्र कात्रीने कडेपर्यंत कापून खाच करायची, नसेल तर छिद्र तसेच राहू द्यायचे. मग गठ्ठा नीट जुळवून पहिल्या छिद्रातून सुई ओवली आणि किंचित हलवत वर उचलली, की खाच असलेली कार्डे खाली गळून पडतात व बाकीची सुईवर अडकून राहतात. पडलेल्या कार्डांचा गठ्ठा करून त्यांच्या दुसऱ्या छिद्रात सुई घातली, की ‘चार पाय आहेत आणि अंडी घालतो’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून पाल व कासव खाली पडतात. चार पाय म्हणजे गुरेढोरे एवढेच गृहीत धरणाऱ्या मुलांना हे उत्तर थोडे चकित करते, आणि शिकण्याच्या दृष्टीने हा क्षण फार मोलाचा आहे. उलट ‘उडतो’ म्हणून पडलेल्या कार्डांत ‘अंडी घालतो’ची सुई घातली, तर मोर आणि घार खाली येतात, वटवाघूळ मात्र सुईवरच राहते, कारण ते सस्तन आहे. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या तीन शब्दांवर चालणारे शोधाचे तर्कशास्त्र आठ-नऊ वर्षांच्या मुलाला झेपणार नाही, हा दुसरा गैरसमज येथे आपोआप गळून पडतो. अशी खाचांची कार्डे हा शाळेपुरता केलेला खेळ आहे असेही कोणी मानू नये. संगणक सर्वत्र येण्यापूर्वी ग्रंथालये आणि कार्यालये विसाव्या शतकात अशाच कार्डांवर माहिती शोधत असत.

नाव लिहिले की नोंद ओळखता येते, असाही एक सार्वत्रिक समज आहे. एका गावात कपिला नावाच्या गाई अनेक असतात, त्यामुळे नावावरून नेमकी कोणती गाय अभिप्रेत आहे हे कळत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला दुसऱ्या कोणत्याही नोंदीला नसलेला एक क्रमांक द्यावा लागतो. ही कल्पना मुलांना नवी वाटण्याचे कारण नाही, कारण गोठ्यातल्या जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला त्यांनी पाहिलेला असतो. त्यावरचा 12 अंकी क्रमांक त्या जनावराचा असतो, मालकाचा नव्हे. जनावर बाजारात विकले गेले तरी क्रमांक तोच राहतो आणि लाळ्या-खुरकूतसारख्या रोगाच्या लसीकरणाची नोंद त्याच क्रमांकाखाली पुढे चालू राहते.

रकाने कोणते ठेवावेत, याबाबत मोठ्या माणसांचाही घोटाळा होतो. जितके रकाने जास्त तितका तक्ता चांगला, असे मानले जाते. परंतु ज्याच्यावर कधी प्रश्नच विचारला जाणार नाही असा रकाना केवळ चुका वाढवतो. वयाचे उदाहरण घ्यावे. ‘वय 3 वर्षे’ ही नोंद पुढच्या वर्षी खोटी ठरते, म्हणून जन्माचे वर्ष नोंदवणे योग्य. जन्म माहीत नसेल तेथे मराठवाड्यातील जनावरांच्या बाजाराची जुनी रीत उपयोगी पडते : आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि जुळलेला. गुरांचे कायमचे पुढचे दात जोडीजोडीने येतात, त्यामुळे दात पाहून ठरवलेली ही वर्गवारी शरीराच्या वाढीवरच बेतलेली आहे, आणि तिच्यात मोजकेच पर्याय असल्याने ती रकान्यात चपखल बसते. मात्र ती कोणत्या दिवशी पाहिली ती तारीख शेजारी लिहावी लागते. जातीच्या रकान्यातही लाल कंधारी, देवणी असे पर्याय आधी ठरवून घेतले, तर एकाच जातीची चार तऱ्हांनी लिहिलेली नावे तक्त्यात शिरत नाहीत.

सर्व माहिती एकाच मोठ्या तक्त्यात ठेवणे सोपे, हा समज बीडमध्ये विशेष महागात पडू शकतो. ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे दरवर्षी हंगामापुरती जिल्ह्याबाहेर जातात आणि बैलगाडीवाल्यांचे बैलही त्यांच्याबरोबर जातात. प्रत्येक जनावराच्या नोंदीत मालकाचा मुक्काम लिहिला असेल, तर दोन बैल व एक गाय असलेल्या घरासाठी तो तीन ठिकाणी बदलावा लागतो, आणि एखादी जागा राहून गेली की एकच मालक दोन गावांत दिसू लागतो. मालकांचा तक्ता वेगळा करून जनावराच्या नोंदीत मालकाचा केवळ क्रमांक ठेवला, तर बदल एकदाच करावा लागतो. एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने 1970 मध्ये मांडलेल्या संबंधाधारित प्रतिमानात तक्ते एकमेकांशी अशाच समान मूल्यांनी जोडलेले असतात. वर्गातील सरावासाठी मालक अर्थातच काल्पनिक असावेत. शेजाऱ्यांचे खरे मोबाइल क्रमांक तक्त्यात घालू नयेत.

रिकामा रकाना म्हणजे शून्य, हा शेवटचा आणि सर्वांत चिवट गैरसमज. सापाच्या नोंदीत ‘पाय 0’ ही निश्चित माहिती आहे. तोच रकाना कोरा राहिला, तर माहिती भरली गेली नाही एवढाच त्याचा अर्थ. हाच न्याय संपूर्ण नोंदीलाही लागू होतो. पाटोदा तालुक्यात सुमारे 30 चौरस किलोमीटरवर पसरलेले नायगाव मयूर अभयारण्य 1994 मध्ये घोषित झाले. त्या परिसरातील मुलांनी पाहिलेल्या प्राण्यांचा तक्ता केला, तर त्यात मोर भरपूर दिसतील आणि तरस कदाचित एकही दिसणार नाही. परंतु तरस रात्री हिंडतो आणि मुले दिवसा पाहतात, तेव्हा तो तेथे नाही असा निष्कर्ष त्या तक्त्यातून काढता येत नाही. म्हणून अशा तक्त्यात ‘पाहिल्याची वेळ’ हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवावा, आणि सूर्यास्तानंतरच्या नोंदी किती, हा प्रश्न मुलांनी निष्कर्ष लिहिण्याआधी तक्त्याला विचारावा.