पैसा लाल की तपकिरी?

चांदवडच्या टांकसाळीवर आज लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. घोड्याचं चित्र असलेल्या जुन्या पैशापासून, म्हणजे घोड्याच्या पैशापासून, संग्रह सुरू करा, असं मागच्या भागात सुचवलं होतं. ते वाचून आमच्या पिंपळगावातलेच एक वाचक आजीच्या डब्यातले पैसे घेऊन आले. सगळे लालबुंद, चकचकीत. आदल्या रात्री चिंचेत भिजवून घासलेले. आता जास्त किंमत येईल ना, असं त्यांनी विचारलं. उलट, होती तीही गेली. हा विषय आधी संपवायला हवा.

टांकसाळीतून निघालेला पैसा लालसर असतो, हे खरं. हवा, घाम, दमटपणा लागला की तो आधी लाल-तपकिरी आणि मग पुरता तपकिरी होतो. हा तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. तांब्याने स्वतःवर धरलेली साय आहे ती. चिंच-लिंबाचं आम्ल हा थर खातं आणि त्याबरोबर मूळ पृष्ठभागही. तो परत येत नाही.

घासलेलं नाणं ओळखायचं कसं? नाणं कडेला धरा आणि दिव्याखाली हळूहळू फिरवा. मूळ झळाळी असेल, तर उजेडाचा पट्टा नाण्यावरून गोल फिरतो. घासलेलं नाणं सगळीकडून सारखंच गुलाबी चमकतं, अक्षरांच्या कोपऱ्यांत मात्र काळं उरतं. भिंगातून एकाच दिशेचे बारीक ओरखडेही दिसतात.

झीज ही वेगळी गोष्ट. ती उंच भागावर आधी दिसते. १९५० ते १९५५ च्या घोड्याच्या पैशावर घोड्याच्या मांडीचा उठाव आणि दुसऱ्या बाजूच्या सिंहाच्या आयाळीच्या बटा पाहा. व्हिक्टोरियाच्या पाव आण्यावर गाल आणि कानावरचे केस. बटा सुट्या मोजता आल्या, तर नाणं चांगलं. ठळक उठावाचा तपकिरी पैसा झिजलेल्या लाल पैशापेक्षा मी केव्हाही आधी उचलेन.

हिरव्या रंगाचं तेवढं सांभाळा. मळ्यात, काळ्या मातीत सापडलेल्या जुन्या शिवराई नाण्यावर गुळगुळीत, घट्ट हिरवा थर असतो. तो राहू द्या. पण नखाने भुकटी होऊन पडणारी फिकट हिरवी पूड दिसली, तर तो कळंक. तो आत खात जातो. असं नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं करून कोरड्या जागी ठेवा. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतही नाणी ठेवू नका. त्यातल्या पीव्हीसीमुळे तांब्यावर चिकट हिरवट थर चढतो.

जमल्यास त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या नाणे संग्रहालयात एक चक्कर मारा आणि जुनी तांब्याची नाणी निवांत बघा. नजर तिथे बसते. आणि घरच्या डब्यातले पैसे जसे आहेत तसेच राहू द्या. चिंच आमटीला वापरा.