मॅग्नमचा दणका : संवेगाचा एक धडा

मागे एका शाळेत विज्ञान दिनानिमित्त गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, सिनेमात नायक एका हाताने रिव्हॉल्व्हर झाडतो आणि खलनायक चार फूट मागे उडून भिंतीवर आदळतो. खरंच असं होतं का?" मी त्याला उलट विचारले, "मग नायक का उडत नाही?" वर्ग हसला, पण तो मुलगा विचारात पडला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच पाठ्यपुस्तकात होते. 'बंदुकीचा प्रतिक्षेप वेग काढा' हे उदाहरण आपण दरवर्षी फळ्यावर सोडवतो. गोळीचा संवेग पुढे, तितकाच बंदुकीचा संवेग मागे. उत्तराखाली रेघ मारली की संपले. हे उदाहरण हातात आल्यावर कसे लागते, ते मला एकदा अनुभवायला मिळाले. त्याची ही हकीकत आणि त्यामागचे गणित.

डॉक्टरेटनंतर काही काळ मी अमेरिकेत संशोधन करत होतो. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याला हरणांच्या शिकारीचा नाद होता. त्याच्याकडे ०.४४ मॅग्नम जातीचे रिव्हॉल्व्हर होते. एका रविवारी तो मला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. कानात बोळे, त्यावर कर्णरक्षक, डोळ्यांवर चष्मा असा जामानिमा झाला. मग त्याने रिव्हॉल्व्हरच्या सहा घरांपैकी एकाच घरात काडतूस भरले आणि ते माझ्या हाती दिले. "एकच का?" मी विचारले. "आधी झाड, मग सांगतो," तो म्हणाला.

मॅग्नम म्हणजे काय?

'मॅग्नम' हा लॅटिन शब्द. अर्थ 'मोठे'. शॅम्पेनच्या दीड लिटरच्या बाटलीलाही हेच नाव आहे. काडतुसांच्या बाबतीत याचा अर्थ इतकाच, की त्याच व्यासाच्या जुन्या काडतुसापेक्षा यात ताकद जास्त. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कंपनीचे ०.३५७ मॅग्नम १९३५ मध्ये आले. ते जुन्या ०.३८ स्पेशल या काडतुसाचे पुंगळे लांबवून केलेले होते. आयडाहो राज्यातला एल्मर कीथ हा पशुपालक आणि शिकारी ०.४४ स्पेशल काडतुसात अधिक दारू भरून वर्षानुवर्षे प्रयोग करत होता. त्याच्या आग्रहातून १९५५ च्या अखेरीस ०.४४ मॅग्नम तयार झाले. १९७१ च्या 'डर्टी हॅरी' या चित्रपटात क्लिंट ईस्टवुडच्या हाती ते दिसले आणि जगभर गाजले. पुढे २००३ मध्ये त्याच कंपनीने ०.५०० मॅग्नम काढले.

पुंगळे लांब करण्यामागे एक शहाणपणाचा विचार होता. लांब काडतूस जुन्या, कमी मजबुतीच्या रिव्हॉल्व्हरच्या घरात पूर्ण बसतच नाही. त्यामुळे चुकून भरून स्फोट होण्याचा धोका टळतो. उलट जुने आखूड काडतूस नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालते. म्हणूनच ०.४४ मॅग्नम बाळगणारे बरेच लोक सरावासाठी सौम्य ०.४४ स्पेशल वापरतात.

आता थोडे गणित

चाप ओढण्यापूर्वी रिव्हॉल्व्हर आणि गोळी दोन्ही स्थिर, म्हणजे एकूण संवेग शून्य. नंतरही तो शून्यच राहायला हवा. ०.४४ मॅग्नमची गोळी साधारण १५.५ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ४१० मीटर धरू. तिचा संवेग ०.०१५५ × ४१० म्हणजे ६.४ किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद.

आपण फळ्यावर इथेच थांबतो, पण एक गोष्ट विसरतो. गोळीबरोबर जळलेल्या दारूचा वायूही बाहेर पडतो. दारू जेमतेम दीड ग्रॅम. पण तिचा वायू गोळीपेक्षा कितीतरी वेगाने, ढोबळमानाने सेकंदाला १२०० मीटरने सुटतो. त्याचा संवेग १.८ आला. म्हणजे दणक्याचा एक पंचमांशाहून अधिक भाग केवळ वायूचा! एकूण संवेग ८.२. काडतुसांसह रिव्हॉल्व्हरचे वस्तुमान १.४ किलोग्रॅम असेल, तर त्याचा मागे येण्याचा वेग सेकंदाला ५.९ मीटर आणि गतिज ऊर्जा सुमारे २४ ज्यूल.

याच रीतीने काढलेली आणखी काही उत्तरे पाहा. आकडे ढोबळ आहेत आणि हाताचा आधार त्यांत धरलेला नाही.

०.२२ चे स्पर्धेचे पिस्तूल, १.२ किलोग्रॅम : वेग ०.८ मीटर प्रति सेकंद, ऊर्जा ०.४ ज्यूल
०.३८ स्पेशल, १ किलोग्रॅम : २.८ मीटर प्रति सेकंद, ४ ज्यूल
०.४४ मॅग्नम, १.४ किलोग्रॅम : ५.९ मीटर प्रति सेकंद, २४ ज्यूल
०.५०० मॅग्नम, २.२५ किलोग्रॅम : ७.२ मीटर प्रति सेकंद, ५८ ज्यूल
०.३५७ मॅग्नम, अतिहलके, ०.४ किलोग्रॅम : ११.४ मीटर प्रति सेकंद, २६ ज्यूल

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तो प्रकार यादीतल्या पहिल्या ओळीचा. तिथे दणका नावापुरता असतो, पण तेवढ्यानेही नेम हलतो.

शेवटची ओळ मात्र विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावी. खिशात मावणाऱ्या, हलक्या मिश्रधातूच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ०.३५७ मॅग्नम भरले, तर त्याचा संवेग ०.४४ च्या जवळजवळ निम्माच असतो. तरीही त्याची प्रतिक्षेप ऊर्जा ०.४४ पेक्षा किंचित जास्तच भरते! कारण उघड आहे. संवेग ठरलेला असेल, तर ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. बाळगायला हलके तेच झाडायला जड. दुकानात हातात घेऊन 'वा, किती हलके' म्हणणाऱ्या ग्राहकाला हे नंतर कळते.

आता खलनायकाकडे वळू. गोळीचा संवेग ६.४. ती ७० किलोग्रॅमच्या माणसात रुतून थांबली, तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला केवळ ९ सेंटिमीटर! माणूस उडत नाही. पण गोळीची ऊर्जा मात्र १३०० ज्यूल, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या ऊर्जेच्या पन्नासपटीहून जास्त. ही ऊर्जा माणसाला ढकलण्यात नव्हे, तर शरीर फाडण्यात खर्च होते. संवेग सारखा असूनही एका टोकाला नुसता धक्का आणि दुसऱ्या टोकाला मृत्यू, असा फरक पडतो तो यामुळे. 'क्रिया आणि प्रतिक्रिया समान' हे वाक्य बलांविषयी आहे, परिणामांविषयी नाही.

हात काय करतो?

५.९ मीटर वेगाने मागे येणारे रिव्हॉल्व्हर हाताला थांबवायचे असते. हात ताठ धरून ते २ सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर सरासरी १२०० न्यूटन बल लागेल, म्हणजे सुमारे १२० किलोग्रॅमचे ओझे. तेच हात वर-मागे जाऊ देऊन १० सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर २४० न्यूटन पुरतात. क्रिकेटमध्ये झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे घेतो, तीच युक्ती. मूठ घट्ट हवी, पण कोपर आणि खांदे थोडे नमते हवेत.

दुसरी अडचण फिरण्याची. नळी मुठीच्या वर असते. मागे येणारे बल नळीच्या रेषेत आणि हाताचा आधार त्याखाली. त्यामुळे आघूर्ण निर्माण होऊन नळीचे तोंड वर उचलले जाते. म्हणून मूठ शक्य तितकी वर, नळीच्या रेषेजवळ पकडायची असते. काही नळ्यांच्या टोकाशी वरच्या बाजूला छिद्रे असतात. त्यांतून वर सुटणारा वायू तोंडाला खाली दाबतो.

गोळी नळीत एक सहस्रांश सेकंदापेक्षाही कमी वेळ असते. तेवढ्यातही रिव्हॉल्व्हर सुमारे २ मिलिमीटर मागे सरकते आणि किंचित वर फिरू लागते. म्हणून नेम धरताना नळी प्रत्यक्षात लक्ष्याच्या थोडी खाली रोखलेली असते. पुढचा नेमदर्शक मुद्दाम उंच ठेवलेला असतो. जड, सावकाश जाणारी गोळी नळीत जास्त वेळ राहते. म्हणून जवळच्या लक्ष्यावर ती हलक्या गोळीपेक्षा वर लागते. विद्यार्थ्यांचा यावर सहज विश्वास बसत नाही!

जडत्वाचाही एक नमुना इथे दिसतो. रिव्हॉल्व्हर झटक्यात मागे जाते, तेव्हा बाकीच्या घरांतल्या काडतुसांची पुंगळी त्याच्याबरोबर मागे ओढली जातात, पण त्यांतल्या गोळ्या जागीच राहू पाहतात. पुंगळ्याची पकड सैल असेल, तर गोळी पुढे निसटून घराबाहेर डोकावते आणि फिरते चक्र अडकते. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे अधिक घडते. झटक्याने मागे हिसडलेल्या पुठ्ठ्यावरचे नाणे जागीच राहते, तोच हा नियम.

एकच काडतूस का?

मी चाप ओढला. आवाजापेक्षा आधी तळहाताला लागले. नळी आकाशाकडे गेली होती आणि अंगठ्याच्या मुळाशी झिणझिण्या आल्या होत्या. सहकाऱ्याने रिव्हॉल्व्हर काढून घेतले आणि कारण सांगितले. नवशिक्याची मूठ दणक्याने सैल पडते, निसटणारी वस्तू धरायला बोटे आपोआप आवळतात आणि त्यात चाप पुन्हा ओढला जातो. त्या वेळी नळी वर किंवा झाडणाऱ्याच्याच डोक्याकडे वळलेली असू शकते. ०.५०० सारख्या रिव्हॉल्व्हरवर असे अपघात घडले आहेत आणि त्यांत माणसे दगावली आहेत. एकच काडतूस असेल, तर दुसरा चाप रिकाम्या घरावर पडतो. हा उपाय साधा, पण जीव वाचवणारा आहे.

बोटांसाठीही एक नियम त्याने घालून दिला होता. फिरते चक्र आणि नळी यांच्यात बारीक फट असते. तिच्यातून तप्त वायू कडेला फुटतो, म्हणून तिच्याजवळ बोट कधीही नेऊ नये. आणि कानांचे काय? अशा बाराचा आवाज १६० डेसिबलच्याही पुढे जातो. १४० च्या वरचा एकच स्फोट श्रवणशक्ती कायमची बिघडवू शकतो. दुहेरी कर्णरक्षण ही चैन नव्हे.

नंतर त्याने आणखी एक गंमत केली. काही घरांत खरी काडतुसे आणि काहींत रिकामी पुंगळी, मला न दाखवता भरली. रिकाम्यावर चाप ओढला तेव्हा दणका नव्हताच, तरी माझा हात खाली हिसडला! दणका येणार या धास्तीने स्नायू आधीच झटका देतात आणि नेम चुकतो. अपेक्षेचा परिणाम ओळखायचा असेल, तर काय येणार हे माहीत नसावे लागते. औषधांच्या चाचणीत हेच तत्त्व वापरतात.

वर्गात करून पाहा

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय रिव्हॉल्व्हर बाळगता येत नाही आणि वर्गाला त्याची गरजही नाही. एक लहान फळी घ्या. तिच्यावर तीन खिळे त्रिकोणात ठोका. दोन खिळ्यांवर रबरबँड ताणून तो तिसऱ्या खिळ्याला दोऱ्याने मागे बांधा. रबराच्या खोबणीत एक छोटा ठोकळा ठेवा. फळी गोल पेन्सिलींवर ठेवून दोरा शिक्षकांनीच काडीने जाळावा आणि ठोकळा जाणार त्या दिशेला कोणी उभे राहू नये. ठोकळा पुढे जाईल, फळी मागे सरकेल. ठोकळा जड करा. मग फळीवर वजन ठेवून ती जड करा. प्रत्येक वेळी फळी किती सरकली ते मोजून तक्ता करायला सांगा.

मग विद्यार्थ्यांना सिनेमातल्या खलनायकाचा प्रश्न घाला. उत्तर त्यांनाच काढू द्या. आणि 'मग नायक का उडत नाही?' हे विचारायला विसरू नका.